दोन्ही भाषांतली एक अडचण

कॅनडातल्या माँट्रियल शहरातल्या दुकानात शिरलं, की काउंटरमागून हमखास आवाज येतो: "बाँजूर, हाय!" एक शब्द फ्रेंच, एक इंग्रजी, गिऱ्हाइकानं आपल्याला सोयीचा तो उचलावा. २०१७ साली तिथल्या क्वेबेक प्रांताच्या विधिमंडळानं एकमतानं ठराव करून दुकानदारांना विनवलं, की बाबांनो, नुसतं 'बाँजूर' म्हणा. पण ही जोडगोळी काही हटली नाही. अशा गावात मूल दोन भाषांत वाढतं, याचं कुणालाच अप्रूप नसतं. आई फ्रेंच बोलते, वडील इंग्रजी, आणि मूल दोघांशी ज्याच्या त्याच्या भाषेत भांडतं. भाषेचा अभ्यास करणाऱ्यांना ही आयतीच प्रयोगशाळा मिळाली.

तिथल्या संशोधकांना एक प्रश्न छळत होता. काही मुलांना पहिली भाषा शिकतानाच फार कष्ट पडतात. अशा मुलाच्या कानांवर जन्मापासून दोन भाषा पडल्या तर काय होईल? व्यवहारज्ञान सांगतं, की आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. एक ओझं पेलत नाही, तिथे दुसरं कशाला लादायचं?

जोहान पॅराडिस, मार्था क्रॅगो, फ्रेड जेनेसी आणि मेबल राइस या चौघांनी हे व्यवहारज्ञान तपासून पाहिलं. सात वर्षांच्या आसपासची आठ मुलं त्यांनी निवडली. आठही जण फ्रेंच आणि इंग्रजी दोन्ही बोलणारे, आणि आठही जणांना भाषा शिकण्यात अडचण असल्याचं निदान झालेलं. तुलनेसाठी तीच अडचण असलेली पण एकच भाषा बोलणारी मुलं घेतली: २१ इंग्रजी आणि १० फ्रेंच. सगळ्यांना गप्पा मारायला लावलं, बोलणं टिपून घेतलं आणि क्रियापदाचे काळ दाखवणारे प्रत्यय कुठे गळतात ते मोजलं. २००३ साली निष्कर्ष छापून आला. दुभाषी मुलं इंग्रजीत एकभाषी इंग्रजी मुलांइतकीच अडखळत होती, आणि फ्रेंचमध्ये एकभाषी फ्रेंच मुलांइतकीच. दुसऱ्या भाषेनं त्यांच्या अडचणीत भर घातली नव्हती.

आठ ही संख्या लहान आहे, हे कुणीही म्हणेल. संशोधकांनाही ते ठाऊक होतं. पण 'दोन भाषांमुळे दुप्पट अडचण' हे खरं असतं तर ते आठांतही दिसायला हवं होतं.

ही अडचण असते तरी कशी? मुलाचे कान ठणठणीत असतात, बुद्धीही बरी असते. ऑटिझम नसतो, मेंदूला इजा झालेली नसते, घरात बोलणाऱ्या माणसांचा दुष्काळ नसतो. तरी भाषा मात्र त्याच्या हाताला लागत नाही. पहिला शब्द उशिरा येतो, दोन शब्दांचं वाक्य त्याहून उशिरा. पुढे शाळेत जायला लागल्यावर 'दप्तर आत ठेव, हात धू आणि डबा घेऊन ये' या तीन कामांतलं एकच काम होतं, आणि मूल ऐकत नाही म्हणून ओरडा खातं. शाळेत काय झालं हे सांगताना कोण, कुणाला, आधी, नंतर यांचा गुंता होतो. नेमका शब्द जिभेवर येत नाही. सगळं 'ते हे' आणि 'ते तसलं' होऊन बसतं.

या अडचणीला नावंही बरीच मिळाली, आणि तेच तिच्या अप्रसिद्धीचं एक कारण असावं. ऑक्सफर्डच्या मानसशास्त्रज्ञ डोरोथी बिशप यांच्या पुढाकारानं सहा इंग्रजीभाषक देशांतल्या तज्ज्ञांनी २०१६-१७मध्ये एका नावावर एकमत केलं: डेव्हलपमेंटल लँग्वेज डिसऑर्डर, थोडक्यात डीएलडी. मराठीत विकासात्मक भाषादोष म्हणता येईल, पण 'दोष' या शब्दाला आपल्याकडे लगेच पत्रिकेचा वास येतो, म्हणून डीएलडीच बरं. इंग्लंडमधल्या सरे परगण्यात २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत साडेसात टक्के मुलांत कारण न सापडणारी अशी भाषेची अडचण आढळली. तीस मुलांचा वर्ग धरला तर त्यात दोन जण. त्याआधी १९९७मध्ये अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आणि आसपास सात हजारांहून अधिक बालवाडीच्या मुलांची चाळणी झाली, तेव्हाही आकडा ७.४ टक्के निघाला. त्या पाहणीतली खरी धक्कादायक गोष्ट दुसरीच होती. ज्या मुलांत अडचण सापडली, त्यांच्या पालकांपैकी जेमतेम २९ टक्क्यांना याआधी कुणी तसं सांगितलं होतं.

हे झालं एकभाषी मुलांचं. मूल दुभाषी असलं, की सांगणारे खूप भेटतात, पण भलतंच सांगतात.

मराठी घरांत याची एक ठरलेली चढण आहे. मूल दोन वर्षांचं झालं तरी बोलत नाही, की आधी आजी मधात उगाळलेलं वेखंड जिभेला लावते. मग 'मुलगे उशिराच बोलतात' आणि 'याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत मुका होता' ही दोन सांत्वनं येतात. (यातल्या दुसऱ्याची नोंद डॉक्टरांनी खरं तर ठळक अक्षरांत करायला हवी, डीएलडी घराण्यात चालत येण्याची शक्यता बरीच असते.) मूल इंग्रजी शाळेत गेलं, की बाई आईला बाजूला घेऊन सांगतात, "तो गोंधळतोय. घरात एकच भाषा बोला ना." ती एक भाषा कोणती, हे विचारायची गरज पडत नाही. गोंधळ टाळण्यासाठी इंग्रजी थांबवा, असा सल्ला एखाद्या मराठी आईला मिळाल्याचं सहसा ऐकू येत नाही. पुण्यातही तेच, न्यू जर्सीतही तेच.

या सल्ल्याला शंभर वर्षांचा इतिहास आहे. १९२३ साली डी. जे. सेअर यांनी वेल्समधल्या सुमारे १,४०० मुलांच्या बुद्धिचाचण्यांवरून दुभाषी मुलं मागे पडतात आणि त्यांच्या डोक्यात गोंधळ होतो, असं मांडलं. फरक दिसला होता तो खेड्यांत. शहरी मुलांत तो नव्हता. म्हणजे भाषेच्या आड गरिबी, शेतावरचं जिणं आणि इंग्रजीशी नसलेली सवय उभी होती. पण 'गोंधळ' हा शब्द पसरला तो पसरलाच. १९६२मध्ये माँट्रियलच्याच एलिझाबेथ पील आणि वॉलेस लँबर्ट यांनी सारख्या आर्थिक स्तरातली दहा वर्षांची मुलं घेऊन चाचण्या केल्या, तेव्हा दुभाषी मुलं पुढे निघाली. आपल्याकडे अजित मोहंती यांनी ओडिशातल्या कोंध मुलांत असंच काहीसं पाहिलं. कुई आणि ओडिया दोन्ही बोलणारी मुलं भाषेविषयी विचार करण्यात एकभाषी कोंध मुलांहून सरस होती.

मग डॉक्टर, शिक्षक, आजी सगळेच एवढे चकतात कसे? याला सबळ कारण आहे. दुसरी भाषा नव्यानं शिकणाऱ्या धडधाकट मुलाच्या चुका आणि डीएलडी असलेल्या मुलाच्या चुका वरवर पाहता अगदी जुळ्या बहिणींसारख्या दिसतात. इंग्रजीत दोघंही 'ही वॉक' म्हणतात. 'वॉक्स'मधला स गळतो, 'वॉक्ड'मधला शेवटचा आवाज गळतो. पॅराडिस यांनी हे साम्य नोंदवून शिक्षकांना सावध केलं. जेनेसी, पॅराडिस आणि क्रॅगो यांनी या घोटाळ्याच्या दोन बाजू सांगितल्या आहेत. मराठीत त्यांना चुकलेली ओळख आणि हुकलेली ओळख म्हणता येईल.

चुकलेल्या ओळखीचं गाजलेलं उदाहरण कॅलिफोर्नियातलं आहे. माँटेरे परगण्यातल्या सोलेदाद इथे शेतमजूर वस्तीतली नऊ मेक्सिकन-अमेरिकन मुलं मतिमंदांच्या वर्गात बसवली गेली होती. घरात स्पॅनिश बोलणाऱ्या या मुलांची बुद्धी मोजली होती इंग्रजीत. पालक कोर्टात गेले. पुन्हा चाचणी झाली, या वेळी स्पॅनिशमध्ये, आणि बहुतेकांचे गुण मतिमंदत्वाच्या रेषेच्या वर गेले. १९७०मध्ये 'डायना' या टोपणनावानं ओळखला जाणारा हा खटला तडजोडीनं मिटला आणि मुलाची चाचणी त्याच्या घरच्या भाषेतही घेण्याचं बंधन राज्यावर आलं. आपल्या मेळघाटात धारणी-चिखलदऱ्याकडे कोरकू बोलणारं मूल मराठी शाळेत येतं, तेव्हा त्याची स्थिती सोलेदादच्या मुलांहून वेगळी नसते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचं दूरचंही नातं नाही. त्या मुलानं पहिले काही महिने तोंड उघडलं नाही, तर ते मूल नवी भाषा कान देऊन ऐकत असतं. जगभर अशा मुलांत हा गप्प राहण्याचा काळ दिसतो. त्याला 'मठ्ठ' म्हणून मागच्या बाकावर बसवणं ही चुकलेली ओळखच.

हुकलेली ओळख जास्त सभ्य असते, म्हणून जास्त दिवस टिकते. "दोन भाषा आहेत ना, वेळ लागणारच" असं म्हणत सगळे समजूतदारपणे थांबतात. एक वर्ष जातं, दोन जातात. मूल तिसरीत येतं तेव्हा वाचन जमत नाही म्हणून धावाधाव सुरू होते. मुळात बोलण्यातच घोळ होता, हे तोवर सगळे विसरलेले असतात.

या दोन खड्ड्यांमधून वाट काढायची तर आधी दुभाषी मुलाचं नॉर्मल काय, ते कळायला हवं. मायामीत १९९३ साली बार्बरा पिअर्सन आणि सहकाऱ्यांनी इंग्रजी-स्पॅनिश बाळांचे शब्द मोजले. एकेका भाषेतले शब्द मोजले तर बाळं मागे वाटायची. दोन्ही भाषांची बेरीज केली तर एकभाषी बाळांच्या बरोबरीत यायची. हे कळायला मायामीला जायला नको. आपल्या घरातल्या पाच वर्षांच्या मुलाला पोळपाट, लाटणं, सांडशी मराठीत येतात, आणि शार्पनर, सर्कल, लाइन इंग्रजीत. शाळेच्या चाचणीत लाटण्याचं चित्र आलं तर तो गप्प, आणि आजीनं वर्तुळ काढायला सांगितलं तर तिथेही गप्प. दोन्हीकडे अर्धी झोळी दिसते. मूल मात्र दोन्ही झोळ्या घेऊन फिरत असतं.

भाषांची सरमिसळ हाही आजार नव्हे. 'मम्मा, मला बॉल थ्रो कर' या वाक्यावर नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत, पण त्यात इंग्रजी शब्दाला मराठी 'कर' जोडायचा नियम मुलानं बिनचूक पाळला आहे. मोठी माणसं 'फॉर्म फिल करते' म्हणतात, तेव्हा हेच करत असतात. सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडला तर भाषाशास्त्रात मानाचं पान आहे. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली लिहिलं, की तिथल्या मराठी, कानडी आणि उर्दू बोलींनी पिढ्यान्‌पिढ्या शेजार करून वाक्यरचना जवळजवळ सारखी करून टाकली आहे. शब्द तेवढे ज्याचे त्याचे. तिथल्या पोरांना कुणी गोंधळलेलं म्हटल्याची नोंद नाही.

मग खरी अडचण ओळखायची खूण कोणती? सगळ्यात मोठी खूण माँट्रियलच्या आठ मुलांनीच दिली आहे: डीएलडी असेल तर तो दोन्ही भाषांत असतो. फक्त इंग्रजीत अडणारं आणि मराठीत आजोबांशी वाद घालणारं मूल इंग्रजी शिकतंय, एवढाच त्याचा अर्थ. अडचणीचं रूप मात्र भाषेगणिक पालटतं. इंग्रजीत ती काळाच्या प्रत्ययांवर बसते, फ्रेंच आणि इटालियनमध्ये क्रियापदाला चिकटणाऱ्या इवल्या सर्वनामांवर. म्हणून इंग्रजीतली चाचणी मराठीत भाषांतर करून वापरली, तर ती चुकीच्या जागी टोचून पाहते. शिवाय 'माझा पुस्तक' म्हणणाऱ्या डॅलसच्या मुलाला मराठी नुसती कमी ऐकायला मिळालेली असू शकते. लिंगाचा घोळ एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

मुलाची घरची भाषा तपासणाऱ्याला येत नसेल तर? कॅनडातल्या एडमंटनमध्ये ही रोजचीच पंचाईत होती. जगाच्या कानाकोपऱ्यातून आलेली कुटुंबं, आणि डझनावारी भाषा. पॅराडिस यांनी तिथे सहकाऱ्यांसह २०१०मध्ये पालकांसाठी प्रश्नावली तयार केली. पहिला शब्द कधी आला? त्याच वयाच्या इतर मुलांच्या तुलनेत तो आपली भाषा कशी बोलतो? घरातल्या आणखी कुणाला बोलायला-वाचायला त्रास झाला होता का? निव्वळ आईबापांच्या उत्तरांवरून अडचण असलेली आणि नसलेली मुलं बऱ्यापैकी वेगळी काढता आली. त्याआधी १९९८मध्ये मारिया अॅडेलाइडा रेस्ट्रेपो यांनाही स्पॅनिशभाषक मुलांबाबत पालकांचं म्हणणं फार मोलाचं ठरल्याचं दिसलं होतं. आईला कळत असतं, विचारणारा लागतो.

दुसरा उपाय गमतीचा आहे. मुलाला निरर्थक शब्द ऐकवायचे आणि तसेच म्हणायला लावायचे. समजा, 'टिमोळकू'. मग 'बसुगिलपे'. हे शब्द कुणाच्याच घरात बोलले जात नाहीत, त्यामुळे सगळी मुलं सारख्याच रेषेवरून धावायला लागतात. नवा ध्वनिक्रम क्षणभर डोक्यात धरून ठेवणं डीएलडी असलेल्या मुलांना जड जातं, आणि शब्द लांबला की ते उघडं पडतं. २००९ ते २०१३ या काळात शेरॉन आर्मोन-लोटेम यांच्या नेतृत्वाखाली युरोपभरच्या संशोधकांनी दुभाषी मुलांसाठी जी साधनं बनवली, त्यांत असे शब्द होते. त्यांतच सहा-सहा चित्रांच्या गोष्टीही होत्या. एका गोष्टीत पक्षीण पिलांसाठी खाऊ आणायला जाते, मांजर झाडावर चढतं, आणि कुत्रा मांजराची शेपटी ओढतो. ही गोष्ट मूल कोणत्याही भाषेत सांगू शकतं. मांजर झाडावर का चढलं आणि कुत्र्यानं शेपटी का ओढली, हा धागा सापडतो का, ते ऐकायचं.

तिसरा मार्ग तर प्रत्येक चांगल्या शिक्षकाला अंगवळणी पडलेला असतो: विचारा, शिकवा, पुन्हा विचारा. ज्याला संधीच मिळाली नव्हती, ते मूल थोडं शिकवताच भराभर उचलतं. ज्याला अडचण आहे, ते चार वेळा सांगूनही निसटतं. मात्र या सगळ्याच्या आधी कान तपासायचे. ही पायरी चुकवून थेट थेरपीला लागलेली मुलं पाहिली, की चीड येते.

निदान झाल्यावर तरी एक भाषा बंद करावी का? पुरावा तिथेही 'नको' म्हणतो. कॅनडात एलिझाबेथ के-रेनिंग बर्ड आणि सहकाऱ्यांनी २००५मध्ये डाउन सिंड्रोम असलेल्या दुभाषी मुलांच्या भाषेची पाहणी केली, माँट्रियलमध्ये २०१२ साली ऑटिझम असलेल्या मुलांची झाली. दुसऱ्या भाषेनं कुणाचं नुकसान झालेलं आढळलं नाही. १९९७मध्ये एलिन थोर्दारदोत्तिर यांनी आइसलँडिक-इंग्रजी बोलणाऱ्या पाचेक वर्षांच्या एका मुलाला कधी फक्त इंग्रजीतून, कधी दोन्ही भाषांतून शब्द शिकवून पाहिले. दोन्ही भाषांतल्या शिकवणीनं त्याचं इंग्रजी मागे पडलं नाही.

घरची भाषा बंद केल्याचा तोटा मात्र रोज दिसतो. जिला इंग्रजी मोडकंतोडकं येतं, अशा आईला इंग्रजीतच बोलायला सांगितलं, की ती कमी बोलते. गोष्टी, चेष्टा, समजावणं, रागावणं सगळं आटतं आणि उरतं 'कम, ईट, स्लीप'. ज्या मुलाला भरपूर आणि सकस भाषा हवी, त्याच्याच ताटात पेज येते. थेरपिस्ट आईला शिकवतात ते याच्या नेमकं उलट आहे. मूल म्हणालं, "काऊ झाडावर," तर चूक न दाखवता तेच वाक्य फुलवून परत द्यायचं: "हो, कावळा उडाला आणि झाडावर बसला." दिवसातून शंभर वेळा. हे काम आपल्या भाषेत जेवढं सहज होतं, तेवढं उसन्या भाषेत होत नाही.

आपल्याकडे यासाठी दारं अगदीच बंद नाहीत. २०१३च्या फेब्रुवारीत सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते, आणि शोधायच्या तक्रारींच्या यादीत भाषेचा विलंबही आहे. पुढच्या उपचारांसाठी जिल्ह्याच्या ठिकाणी केंद्रं आहेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्था १९८३पासून याच क्षेत्रात आहे. कायद्याची भाषा मात्र चमत्कारिक आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'वाचा व भाषा' या सदराखाली स्वरयंत्र काढल्यामुळे किंवा मेंदूच्या आजारामुळे आलेलं कायमचं व्यंग येतं, त्यामुळे आपलं मूल तिथे बसत नाही. ते डोकावतं दुसऱ्याच सदरात, विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत. तिथे डिस्लेक्सियाच्या रांगेत 'डेव्हलपमेंटल अफेजिया' असा जुना शब्द उभा आहे. परीक्षेत सवलत मागायला जाणाऱ्या पालकांनी तो शब्द पाठ करून जावा.

आणि दवाखान्यात जाताना आजीला सोबत न्यावं. एडमंटनच्या प्रश्नावलीतली निम्मी उत्तरं तिच्याकडेच असतात. नातू पहिल्यांदा काय बोलला, ताई त्या वयात काय बोलायची, आणि त्याचा बाप खरोखरच चार वर्षांचा होईपर्यंत गप्प होता का, की ती नुसती समजूत होती, हे तिलाच ठाऊक.